रिलेशनल डेटाबेसचा ऐतिहासिक विकास आणि नव्या अभ्यासकांसाठी त्यातून मिळणारे व्यावहारिक बोध

सारांश

रिलेशनल डेटाबेस शिकू लागणाऱ्यास पहिल्याच आठवड्यात काही नियम सांगितले जातात: प्रत्येक तक्त्याला प्रायमरी की असावी, एक माहिती एकाच ठिकाणी ठेवावी, रिकाम्या रकान्यापासून सावध राहावे, काय हवे ते सांगावे, कसे शोधायचे ते सांगू नये. हे नियम बहुधा पाढ्यांप्रमाणे पाठ केले जातात. प्रस्तुत निबंधात सुमारे १९६० ते १९९२ या कालखंडातील घडामोडींचा आढावा घेऊन या नियमांची मुळे शोधली आहेत. यातील प्रत्येक नियम एखाद्या प्रत्यक्ष अडचणीचे उत्तर म्हणून जन्मास आला. ती अडचण समजली तर साधन बदलले तरी ज्ञान टिकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द: रिलेशनल डेटाबेस, कॉड, एसक्यूएल, नॉर्मलायझेशन, नल, देवनागरी नोंदी.

१. प्रस्तावना

आजचे युग हे माहितीचे युग आहे, हे विधान आता सर्वपरिचित झाले आहे. तथापि माहिती साठविणे आणि साठविलेल्या माहितीला प्रश्न विचारून विश्वसनीय उत्तर मिळविणे या दोन भिन्न बाबी आहेत. महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, शिष्यवृत्ती अशा बहुतेक विभागांच्या नोंदी आज संगणकावर असतात. परंतु ‘मागील तीन वर्षांत शिष्यवृत्ती मंजूर होऊनही रक्कम न मिळालेले विद्यार्थी किती?’ असा साधा प्रश्न विचारला असता चार विभागांतून चार आकडे येऊ शकतात. अशा वेळी दोष संगणकाचा नसतो. नोंदींची मांडणी करताना पुरेसा विचार झालेला नसतो.

डेटाबेस शिकण्याची गरज आता केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. जुन्या दप्तरांची सूची करणारा इतिहासाचा संशोधक, ग्रामसर्वेक्षण करणारी समाजशास्त्राची अध्यापिका, वनस्पतींच्या नमुन्यांची नोंद ठेवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांना त्याची आवश्यकता भासते. शिकविण्याचा भर मात्र बहुधा आज्ञा आणि बटणे यांवर असतो, आणि नियमामागील कारण मागे राहते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) रिलेशनल विचारापूर्वीच्या माहितीव्यवस्थांचे स्वरूप व त्यांतील अडचण स्पष्ट करणे.
२) रिलेशनल विचाराच्या उदयाचे टप्पे कालक्रमाने मांडणे.
३) या इतिहासाच्या आधारे नव्या अभ्यासकास उपयोगी पडतील असे व्यावहारिक बोध सांगणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उदाहरणे महाविद्यालयीन कामकाजातील असून ती विषय स्पष्ट व्हावा एवढ्यासाठी कल्पिलेली आहेत.

३. कॉडपूर्व काळ: वाट माहीत असणाऱ्यांचे राज्य

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत चार्ल्स बाखमन यांनी इंटिग्रेटेड डेटा स्टोअर ही व्यवस्था विकसित केली. एका नोंदीत पुढील नोंदीचा पत्ता लिहून ठेवायचा आणि त्या पत्त्यांच्या साखळीवरून इच्छित नोंदीपर्यंत जायचे, हे तिचे मूळ तत्त्व होते. त्याच दशकात आयबीएमने, मुख्यतः अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याकरिता, आयएमएस ही व्यवस्था उभारली. ती ऑगस्ट १९६८ मध्ये कार्यरत झाली. तिच्यात माहितीची रचना वंशवृक्षासारखी असे: वर मुख्य नोंद, तिच्याखाली उपनोंदी. पुढे १९७१ मध्ये कोडॅसिल या समितीच्या गटाने बाखमन यांच्या धाटणीच्या जाळेवजा रचनेसाठी प्रमाण आराखडा प्रसिद्ध केला.

या व्यवस्था कुचकामी होत्या असे मुळीच नाही. त्या वेगवान होत्या आणि मोठमोठ्या संस्थांचा कारभार त्यांवर चाले. १९७३ मध्ये बाखमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी आज्ञावली लिहिणाऱ्याला नाविकाची उपमा दिली. माहितीच्या सागरात एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे मार्ग काढीत जाणारा तो नाविक, अशी ती कल्पना होती. उपमा अभिमानाने दिलेली होती. पण त्या व्यवस्थेची मर्यादाही तिच्यातच सामावलेली होती. ज्याला वाटा ठाऊक, त्यालाच उत्तर मिळणार. वाट बदलली की जुनी आज्ञावली निरुपयोगी होणार, आणि सामान्य वापरकर्त्याला प्रत्येक नव्या प्रश्नासाठी नाविकाच्या दारात उभे राहावे लागणार.

४. १९७० चा निबंध: वाटेपासून मुक्तता

एडगर एफ. कॉड यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून सेवा आणि १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट अशी त्यांची वाटचाल होती. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना त्यांनी १९६९ मध्ये एक अंतर्गत अहवाल लिहिला. जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात ‘अ रिलेशनल मॉडेल ऑफ डेटा फॉर लार्ज शेअर्ड डेटा बँक्स’ हा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे महत्त्व समजण्यासाठी त्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. सुटे भाग, प्रकल्प आणि कोणत्या प्रकल्पासाठी कोणता भाग किती राखून ठेवला आहे, एवढीच माहिती कॉड यांनी घेतली. ही माहिती वृक्षरचनेच्या पाच वेगवेगळ्या पद्धतींनी मांडता येते, हे त्यांनी दाखविले. भागांखाली प्रकल्प ठेवता येतात, प्रकल्पांखाली भाग ठेवता येतात, किंवा तिसरीच फाईल करता येते. मग त्यांनी एक साधा प्रश्न घेतला: अमुक एका प्रकल्पासाठी वापरलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, नाव व संख्या छापा. यांपैकी कोणतीही एक रचना गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली उरलेल्या रचनांपैकी किमान तीन रचनांवर अपयशी ठरते, हे त्यांनी सिद्ध केले. माहिती तीच, प्रश्नही तोच. केवळ मांडणी बदलल्याने उत्तर मिळेनासे होते.

कॉड यांनी अशी तीन प्रकारची परावलंबने सांगितली: नोंदींच्या क्रमावरील, निर्देशांकावरील म्हणजे इंडेक्सवरील आणि शोधाच्या वाटेवरील. त्यांवर त्यांनी सुचविलेला उपाय गणितातील संच व संबंध यांच्या सिद्धांतावर आधारलेला होता. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा. रकाने स्थानावरून न ओळखता नावावरून ओळखावेत. दोन तक्त्यांतील नाते पत्त्याने न जोडता समान मूल्याने जोडावे. यंत्रात माहिती कशी रचली आहे हे जाणून घेण्याची सक्ती वापरकर्त्यावर असू नये, ही या निबंधाची मूळ भूमिका होती. तांत्रिक भाषेत मांडलेली ती एक लोकशाही मागणीच होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

५. वादापासून प्रमाणभाषेपर्यंत

मे १९७४ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे भरलेल्या कार्यशाळेत कॉड व बाखमन यांच्या पक्षांत जाहीर वाद झाला. प्रतिपक्षाचा मुख्य आक्षेप निराधार नव्हता. वाट माणसाने ठरवायची नसेल तर ती यंत्राने ठरवावी लागेल, आणि यंत्र अनुभवी आज्ञावलीकाराइतकी चांगली वाट शोधील याचा पुरावा काय? तोपर्यंत मोठ्या कामावर सिद्ध झालेली रिलेशनल व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

या आक्षेपाचे उत्तर प्रयोगशाळांनी दिले. सॅन होजे येथेच आयबीएमचा सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या त्याच कार्यशाळेत ‘सीक्वेल’ ही प्रश्नभाषा मांडली होती. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे तिचे नाव एसक्यूएल असे झाले. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निर्णायक निबंध प्रसिद्ध केला. एकाच प्रश्नासाठी संभाव्य असलेल्या अनेक वाटांचा खर्च अजमावून त्यांतील स्वस्त वाट यंत्रानेच कशी निवडावी, हे त्यात दाखविले होते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी १९७३ पासून इंग्रेस हा स्वतंत्र प्रकल्प चालविला. त्याच परंपरेतून १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला आणि १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव मिळाले. आज कोणत्याही महाविद्यालयाला विनामूल्य वापरता येणारी ही प्रणाली अशा रीतीने थेट त्या वादाची वारसदार आहे.

व्यापारी क्षेत्रात ओरॅकलचे उत्पादन १९७९ मध्ये बाजारात आले, तर आयबीएमचे डीबी२ हे १९८३ मध्ये. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एसक्यूएलला १९८६ मध्ये अमेरिकी व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषेचा दर्जा लाभला आणि १९९२ मध्ये तिची विस्तृत आवृत्ती निघाली. दरम्यान प्रत्येक विक्रेता आपल्या मालावर ‘रिलेशनल’ अशी चिठ्ठी लावू लागल्याने कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ या साप्ताहिकात आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले. नाव घेतल्याने गुण येत नाही, असा त्यांचा आशय होता.

६. नव्या अभ्यासकासाठी व्यावहारिक बोध

६.१ आधी वाक्य, मग तक्ता

रिलेशनल तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक सत्य विधान होय. म्हणून तक्ता तयार करण्यापूर्वी ते विधान कागदावर पूर्ण वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ, ‘अमुक क्रमांकाच्या विद्यार्थ्याने अमुक शैक्षणिक वर्षात अमुक विषय घेतला.’ वाक्य लिहिताना ‘आणि त्याच्या वडिलांचा व्यवसाय अमुक आहे’ असे जोडावेसे वाटले, तर ते दुसरे विधान आहे व त्याचा तक्ता वेगळा आहे, हे तत्काळ ध्यानात येते. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली वस्तू व त्यांमधील नाती यांच्या आकृतीची पद्धत याच टप्प्यावर उपयोगी पडते. संगणक सुरू करण्यापूर्वी कागद व पेन्सिल यांवर घालविलेला एक तास पुढील अनेक दिवस वाचवितो.

६.२ ओळख नावावर सोपवू नये

प्रायमरी की म्हणजे नोंदीची निःसंदिग्ध ओळख. महाराष्ट्रात विवाहानंतर अनेक स्त्रियांचे नाव व आडनाव बदलते. एकाच वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असतात. एकाच नावाचे शुद्धलेखन दाखल्यावर एक व गुणपत्रिकेवर दुसरे असते. म्हणून नाव हे ओळखीचे साधन होऊ शकत नाही. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक किंवा प्रणालीने दिलेला अर्थहीन क्रमांक वापरावा. मात्र केवळ क्रमांक दिल्याने काम संपत नाही. तोच विद्यार्थी दोन क्रमांकांनी दोनदा नोंदला जाऊ नये, यासाठी जे वास्तवात एकमेव आहे त्यावर ‘युनिक’ हे बंधन स्वतंत्रपणे घालावे लागते.

६.३ एक माहिती, एकच ठिकाण

कॉड यांनी १९७१–७२ मध्ये नॉर्मलायझेशनचा पुढील विचार मांडला. त्याचे मूळ शुद्ध व्यवहारात आहे. समजा, परीक्षेच्या एकाच तक्त्यात प्रत्येक ओळीवर विषयाचा संकेतांक, विषयाचे नाव आणि अध्यापकाचे नाव लिहिले. अध्यापक बदलले तर शंभर ओळी बदलाव्या लागतील. त्यांतील एक राहिली तर तक्ता स्वतःशीच विसंगत होईल. नव्या विषयाला अद्याप विद्यार्थी नसेल तर त्याची नोंदच करता येणार नाही. शेवटच्या विद्यार्थ्याने विषय सोडला तर विषयाची माहितीही पुसली जाईल. बदल, भर व लोप यांतील या तीन विकृती टाळणे म्हणजेच नॉर्मलायझेशन. नव्या अभ्यासकाने पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या पाठ करण्यापूर्वी आपल्या तक्त्याला हे तीन प्रश्न विचारावेत. व्याख्या त्यानंतर आपोआप उलगडतात.

६.४ काय हवे ते सांगावे

पूर्वी आपल्याकडील अनेक अभ्यासक्रमांत डीबेस व फॉक्सप्रो शिकविले जात. पहिल्या नोंदीवर जा, तपासा, पुढे सरका, फाईल संपेपर्यंत हेच करा, अशी त्यांतील आज्ञावल्यांची सर्वसाधारण धाटणी असे. माहिती तक्त्यात असली तरी विचार नाविकाचाच होता. फॉक्सप्रोमध्ये एसक्यूएलची सोय होती, तरी सवय पहिलीच राहिली. फॉक्सप्रोची शेवटची मुख्य आवृत्ती २००४ मध्ये आली आणि यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले. ज्यांनी केवळ आज्ञा शिकल्या होत्या त्यांना नव्याने आरंभ करावा लागला. ज्यांनी संच, जोड व निवड या कल्पना आत्मसात केल्या होत्या त्यांना फक्त शब्द बदलावे लागले.

म्हणून एसक्यूएल लिहिताना ‘एकेक नोंद घेऊन मी काय करू?’ असा विचार न करता ‘मला हवा असलेला संच कोणता?’ असा विचार करावा. प्रथम क्वेरी अचूक करावी, वेगाची चिंता नंतर. वेग कमी वाटल्यास ‘एक्सप्लेन’ या आज्ञेने यंत्राने निवडलेली वाट पाहावी आणि मगच इंडेक्सचा विचार करावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रायमरी कीवर इंडेक्स आपोआप तयार होतो, परंतु फॉरेन कीच्या रकान्यावर तो होत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ अडचणी टळतात.

६.५ जोडणीनंतर ओळी मोजाव्यात

नव्या अभ्यासकाची सर्वाधिक फसगत जॉइनमध्ये होते. समजा, एका विद्यार्थ्याने ५,००० रुपयांचे तीन हप्ते भरले. म्हणजे एकूण १५,००० रुपये. त्याचे दोन दूरध्वनी क्रमांक स्वतंत्र तक्त्यात आहेत. विद्यार्थी, हप्ते व दूरध्वनी हे तीनही तक्ते एकाच वेळी जोडले तर तीन गुणिले दोन अशा सहा ओळी येतात आणि बेरीज ३०,००० रुपये दिसते. यंत्राने कोणतीही चूक केलेली नसते. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर त्याने दिलेले असते. यावर उपाय असा: आधी हप्त्यांची विद्यार्थीनिहाय बेरीज करून घ्यावी, मग जोडावे. प्रत्येक जोडणीपूर्वी ‘किती ओळी यायला हव्यात?’ याचा अंदाज वहीत लिहावा व नंतर ताडून पाहावा.

६.६ रिकाम्या रकान्याचा अर्थ

अज्ञात माहितीसाठी नल ही खूण वापरली जाते. कॉड यांनी १९७९ च्या निबंधात तिचा त्रिमूल्य तर्कशास्त्राच्या आधारे विचार केला: सत्य, असत्य आणि अज्ञात. त्यांचे निकटचे सहकारी क्रिस्टोफर डेट यांनी मात्र या कल्पनेला सातत्याने विरोध केला. हा वाद केवळ पंडिती नाही. समजा, शिष्यवृत्तीच्या तक्त्यातील ‘स्थिती’ या रकान्यात काही विद्यार्थ्यांसमोर ‘जमा’ लिहिले आहे, काहींसमोर ‘प्रलंबित’, आणि एका विद्यार्थिनीसमोर काहीच लिहिलेले नाही. ‘स्थिती जमा आहे’ असे विचारले तर ती यादीत येत नाही. ‘स्थिती जमा नाही’ असे विचारले तरीही ती येत नाही, कारण अज्ञाताची तुलना अज्ञातच राहते आणि क्वेरी केवळ सत्य ठरलेल्या ओळी परत देते. दोन्ही याद्या छापल्या जातात, दोन्हींवर स्वाक्षऱ्या होतात, आणि जिच्याकडे सर्वप्रथम लक्ष जायला हवे ती विद्यार्थिनी कोणत्याच कागदावर नसते.

म्हणून जो रकाना रिकामा राहून चालणार नाही त्यावर ‘नॉट नल’ हे बंधन आरंभीच घालावे. जेथे नल अपरिहार्य आहे तेथे ‘इज नल’ असा स्वतंत्र प्रश्न विचारून तिसरी यादी काढावी. तिन्ही याद्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळल्याखेरीज अहवाल पूर्ण झाला असे समजू नये.

६.७ नियम माहितीजवळ असावेत

‘अस्तित्वात नसलेल्या विद्यार्थ्याच्या नावे फी जमा होऊ नये’ असा नियम पडद्यावरील अर्जात घालणे पुरेसे नसते, कारण माहिती इतर मार्गांनीही आत येते. १९८९ च्या एसक्यूएल प्रमाणात फॉरेन कीचा समावेश झाला, तो याच कारणाने. तथापि साधन प्रत्यक्षात काय करते हे तपासावे लागते. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम या साठवणपद्धतीत फॉरेन की लिहिली तरी ती पाळली जात नसे. एसक्यूलाईटमध्ये हे बंधन सर्वसाधारणतः प्रत्येक जोडणीच्या वेळी स्वतंत्रपणे चालू करावे लागते. बंधन घातल्यानंतर ते मोडणारी एक नोंद मुद्दाम घालून पाहावी. ती नाकारली गेली तरच बंधन आहे असे मानावे.

६.८ पूर्ण तरी, नाहीतर मुळीच नाही

जिम ग्रे यांनी १९७० च्या दशकात ट्रान्झॅक्शनच्या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले आणि त्यासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पावती तयार झाली पण येणे बाकी कमी झाली नाही, अशी अर्धवट अवस्था कधीही उरू नये, हा तिचा गाभा. नव्या अभ्यासकाने यातून एक सवय लावून घ्यावी. नोंदी बदलण्याची किंवा पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी तीच अट घालून त्या नोंदी नुसत्या पाहाव्यात व मोजाव्यात. नंतर ट्रान्झॅक्शन सुरू करून बदल करावा, बदललेल्या ओळींची संख्या ताडावी आणि मगच ‘कमिट’ करावे. संख्या जुळली नाही तर ‘रोलबॅक’ हा मार्ग खुला असतो. तसेच बॅकअप घेतला एवढ्यावर विसंबू नये. त्यावरून माहिती एकदा परत उभी करून पाहावी.

७. मराठी नोंदींचे विशेष प्रश्न

कॉड यांनी सांगितलेले परावलंबन मराठी नोंदींत आणखी एका रूपाने भेटते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली माहिती फॉन्ट असेपर्यंतच मराठी दिसते. साठ्यात ती रोमन चिन्हांची विसंगत रांग असते. अशी माहिती रूपांतरित केल्याशिवाय डेटाबेसमध्ये घेऊ नये.

युनिकोडमध्येही दक्षता आवश्यक आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र निदान तीन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिला जाऊ शकतो. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, यंत्राला मात्र ते भिन्न वाटतात आणि एका गावाची तीन गावे होतात. म्हणून गाव, तालुका, विषय यांचे स्वतंत्र तक्ते करून त्यांतून निवड करू द्यावी. पुनःपुन्हा टंकलेखन टाळावे. वर्णक्रमाचाही प्रश्न आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. मराठी कोलेशन निवडल्याशिवाय याद्यांचा क्रम मराठी कोशांप्रमाणे लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

रचनेतील बदलाचे ताजे उदाहरणही आपल्याच राज्यातील आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. सामाजिक दृष्ट्या स्वागतार्ह अशा या निर्णयाने मधोमध एक घटक वाढतो. रकाने स्थानावरून मोजणारी आज्ञावली अशा वेळी आईच्या नावाच्या जागी वडिलांचे नाव छापू शकते. रकाने नावाने मागणारी आज्ञावली सुरक्षित राहते. म्हणूनच नोंद घालताना रकान्यांची नावे लिहावीत व ‘सर्व रकाने’ दर्शविणारी तारांकित खूण कायमस्वरूपी आज्ञावलीत वापरू नये. १९७० मधील एक अमूर्त तत्त्व येथे प्रत्यक्ष उपयोगास येते.

८. सरावाची दिशा

या विषयावरील ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हा कोर्थ व सिल्बरशाट्झ यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांत मुंबईच्या आयआयटीतील प्रा. एस. सुदर्शन हे त्याचे सहलेखक झाले. तो हाताशी असावा. परंतु वाचनाइतकाच सराव महत्त्वाचा आहे. आपल्या परिचयाच्या विषयावर चार-पाच तक्ते करावेत आणि प्रत्येकात वीसच ओळी घालाव्यात. उत्तर आधी हाताने काढावे, नंतर क्वेरीने. दोन उत्तरे जुळली नाहीत तर तेथेच थांबून कारण शोधावे. लाखो ओळींच्या साठ्यावर शिकणाऱ्यास आपली चूक दिसत नाही. वीस ओळींवर ती लपू शकत नाही.

९. निष्कर्ष

१) रिलेशनल डेटाबेसचे नियम हे सुटे संकेत नसून माहितीला तिच्या मांडणीच्या बंधनातून सोडविण्याच्या ऐतिहासिक प्रयत्नाचे फलित आहेत.

२) १९७४ च्या वादातील वेगाविषयीचा आक्षेप पुढील संशोधनाने बऱ्याच अंशी दूर केला, परंतु नाविकाची विचारपद्धती संपलेली नाही. फॉक्सप्रोच्या आज्ञावल्यांत ती होती. आजच्या एकमेकांवर रचलेल्या स्प्रेडशीटमध्ये आणि २००९ च्या सुमारास पुढे आलेल्या नोएसक्यूएल प्रणालींतील नोंदीत नोंद घालण्याच्या रचनेतही ती पुन्हा दिसते. अशा रचना काही कामांसाठी योग्य असतात. मात्र कॉड यांचे भाग व प्रकल्पांचे उदाहरण तेथे पूर्वीइतकेच लागू पडते.

३) अध्यापनात आज्ञेआधी अडचण सांगितली, तर विद्यार्थी साधन बदलल्यावरही निराधार होत नाही. यासाठी डेटाबेसच्या अभ्यासक्रमात त्याच्या इतिहासाला किमान दोन-तीन तासिका मिळाव्यात, अशी शिफारस येथे करावीशी वाटते.

४) माहितीच्या मांडणीतील चूक अंतिमतः माणसाला भोवते. दोन्ही याद्यांत नसलेली विद्यार्थिनी तक्रार करू शकत नाही, कारण आपण वगळले गेलो आहोत हे तिला कळण्याचा मार्गच नसतो. तिला शोधणारा तिसरा प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे डेटाबेस शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाचे कर्तव्य आहे.